नाकाचा रकाना

४ जानेवारी

मामा,

नमस्कार आहेच, पण आधी तक्रार. आई सांगत होती की माझं मागचं पत्र तू भिंग लावून वाचलंस आणि "भाचीने मुंग्यांची वरात पाठवलीय" म्हणालास. म्हणून आज एक ओळ सोडून एक ओळ लिहितेय. फोन केला तर तुला ऐकू येत नाही, तीस वर्षं कॉम्प्रेसरच्या शेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. फोनवर लिहून पाठवलं तर तू तो उघडतच नाहीस. तेव्हा टपालखातं आपल्या दोघांच्या जिवावर चालू राहो.

तू विचारलंस, दिवसभर करतेस तरी काय. परांच्या बांधते. खरंच. इमारतीला बाहेरून परांची बांधतात तशी, फक्त डोळ्याला न दिसणारी. तांब्याचा अणू म्हणजे गाठ आणि कार्बनचा एक रेणू म्हणजे दांडा. द्रावणात गाठी आणि दांडे आपोआप जोडले जातात आणि मधे रिकाम्या खोल्या राहतात. त्या खोल्यांत वायू येऊन बसतो. माझ्या खोल्यांत अमोनिया बसावा अशी बाईंची इच्छा आहे. (बाई म्हणजे माझ्या मार्गदर्शक.) हो, तुझ्या कोल्ड स्टोरेजच्या पाइपांतून फिरतो तोच अमोनिया. तुम्ही लोक गळतीच्या वेळी तोंडाला मुखवटा लावता ना, त्याच्या डबीत भरायची ही पावडर.

पण काम काही केल्या पुढे सरकत नाही. प्रत्येक घाणा तयार झाला की आधी क्ष-किरणांच्या यंत्रात जातो. खोल्या ओळीने, एकसारख्या असतील तर कागदावर टोकदार सुया उमटतात. ओळ नसेल तर नुसता उंचवटा येतो, पांघरुणाखाली कुणी झोपल्यासारखा. सुया आल्या तरच पुढे वायूची चाचणी. उंचवटा आला की बाटलीवर फुली, आणि बाटली खिडकीखालच्या खणात. त्या खणाला आमच्याकडे 'पेन्शनर' म्हणतात. त्यात माझ्या तेवीस बाटल्या जमल्यात. आणि ज्यांना सुया येतात त्यांची तऱ्हा अशी की दमट हवेत तीन-चारदा अमोनिया पाजला की परांची कोसळते.

पंधरा एप्रिलला पीएचडीच्या समितीसमोर उभं राहायचं आहे, काम पुढे चालू ठेवायचं की नाही ते त्या दिवशी ठरेल. मला एका जागी बसवत नाही. काल बाकावरचा पंखा पुसला, नको असताना बाटल्यांची लेबलं बदलली, आणि शेवटी शेजारच्या टेबलावरचीने मला बाहेर चक्कर मारायला पाठवलं.

तू काय म्हणतोस? लवकर लिही.

तुझी भुणभुण


१२ जानेवारी, सकाळी ६.४०

भुणभुणे,

पत्र मिळालं. अक्षर या वेळी माणसाचं आहे.

'पेन्शनर' हा शब्द मात्र मला आवडला नाही. तुझा मामा दीड वर्षापूर्वीच पेन्शनीत जायचा होता. साहेबांनी ठेवून घेतलं ते कशासाठी, माहीत आहे ना? नाकासाठी. भिंतीवरचा अलार्म मोठी गळती झाली की बोंबलतो. बारीक गळती, सीलमधून, एखाद्या व्हॉल्व्हच्या मानेतून, ती नाकालाच कळते. साहेब नवीन माणसांना मला दाखवून सांगतात, "यांचं नाक अलार्मच्या आधी वाजतं." मशीनरूममध्ये माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत आणि पलीकडे पॅकिंगमध्ये चाळीस बायका. त्या माझ्या नाकाच्या भरवशावर काम करतात असं म्हटलं तरी चालेल. उगाच फुशारकी मारत नाही.

तुझ्या परांचीचं वाचलं. दोनदा वाचलं. एक विचारायचं होतं. ती पावडर अमोनिया प्याली की दिसायला बदलते का? रंग वगैरे? आणि बदलली तर किती वेळात? सहज विचारतोय. चिमूटभर पाठवता आली तर पाठव. नुसती बघायला. आमची भाची काय करते ते इथे चारजणांना दाखवता येईल.

पंधरा एप्रिलचं टेन्शन घेऊ नकोस. तुझ्या आईला मॅट्रिकच्या आधी असंच व्हायचं. ती घरातल्या सगळ्या पितळी भांड्यांना चकाकी आणायची. तू लेबलं बदलतेस. रक्त एकच.

रविवारी तुझ्या मामीचं सामान उन्हात काढलं होतं. तिचा राखाडी स्वेटर, पॅकिंगमध्ये अंगात असायचा तो, नाकाला लावून पाहिला. काहीच आलं नाही. तीन वर्षांत लोकरीतून माणूस निघून जातं म्हणायचं. बरं वाटलं नाही. घडी घालून परत ठेवला.

मामा


१७ जानेवारी

मामा,

तू कधी माझ्या कामाचं काही मागितलं नव्हतंस. शेजारचीला मी तुझं पत्र वाचून दाखवलं, स्वेटरचा भाग सोडून. तो माझ्यापुरताच ठेवला. मामी मला कुशीत घ्यायची तेव्हा आधी गारठा लागायचा आणि मग लवंगेचा वास यायचा. कोल्ड स्टोरेजने तिच्या दाढांची वाट लावली होती. ती गालात लवंग धरून असायची आणि वर मला सांगायची की जास्त चॉकलेट खाऊ नकोस.

सोबत गोळ्यांच्या डबीत बारा खडे पाठवतेय. पावडर टपालात सांडेल म्हणून खडे. हा घाणा एकदम खास आहे. साध्या हवेत रंग फिकट, हिरवट निळा. अमोनिया लागला की पाच-सात मिनिटांत शाईसारखा गडद. गरम केला की अमोनिया सोडून देतो आणि परत फिकट. तोंडात घालू नकोस, हाताळल्यावर हात धू, आणि चारजणांना दाखवताना माझं नाव घे.

भुणभुण


९ फेब्रुवारी, दुपारी १.०५

भुणभुणे,

उत्तराला उशीर झाला, कारण तुझे खडे कामाला लावले होते. आधी खात्री करून मगच लिहायचं ठरवलं.

चहाच्या तीन गाळण्या आणल्या. एकेका गाळणीत चार खडे. एक गाळणी एक नंबर कॉम्प्रेसरच्या सीलपाशी, एक दोन नंबरच्या, एक पंपाच्या वर टांगली. लोकांनी विचारलं तर भाचीचा प्रयोग आहे म्हणून सांगतो. दर तासाला दाबाची आणि तापमानाची नोंद करायला फेरी असतेच, त्या फेरीत खडेही बघतो. त्यासाठी वेगळी वही केली आहे.

२ तारखेला सकाळी ९.२० ला दोन नंबरचे खडे गडद झाले. गंधकाची कांडी पेटवून सीलभोवती फिरवली. अमोनिया असला की कांडीला पांढरा धूर येतो. आला. सील बदललं. ६ तारखेला पंपापाशी तसंच. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "याला म्हणतात नाक." मी वहीत वेळ लिहून घेतली.

गडद झालेले खडे मी कॉम्प्रेसरच्या गरम पाइपवर दोन तास ठेवतो. परत फिकट होतात. या दोन वेळा धरून आत्तापर्यंत सहादा केलं. आता नीट सांग, हे असं किती दिवस चालतात? किती वेळा गरम करता येतात? अंदाजे नको. त्याच्यावर बरंच आहे.

तुझ्या आईला कळवू नकोस, ती उगाच काळजी करेल.

मामा


१४ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र पोचताच सगळ्यात आधी गाळण्या खाली उतरव. मग पुढचं वाच.

मी तुला फसवलं. फसवायचं नव्हतं, पण फसवलं. ते खडे 'पेन्शनर' खणातले आहेत. चांगल्या पावडरीचा ग्रॅमन् ग्रॅम मोजलेला असतो, त्यातली देता येत नव्हती. त्या घाण्यात मी द्रावण फार दाट केलं होतं. त्याची खळ झाली आणि खळ वाळून असे काचेसारखे खडे झाले. यंत्राने नुसता उंचवटा दाखवला. फुली मारली आणि टाकून दिली. दिसायला सुंदर होते, तू टेबलावर ठेवशील असं वाटलं. 'एकदम खास' लिहिताना माझा हात अडखळलासुद्धा नाही. रंगाचं आणि गरम करण्याचं जे लिहिलं ते सगळं पावडरीबद्दल खरं आहे. त्या खड्यांना मी कधी वायू दाखवलाच नव्हता. आमच्याकडे कुणीच दाखवत नाही. सुया नाहीत म्हणजे आत काही नाही, असा इथला रिवाज आहे.

सहा वेळा चालले ते कसे चालले मला माहीत नाही, आणि सातव्या वेळी चालतील की नाही हेही माहीत नाही. तू त्यांच्याकडे बघून 'फिकट आहे, सगळं ठीक' असं समजून पुढे जातोस आणि ते मेलेले असतात, हे चित्र तीन दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणि आता माझा प्रश्न. तुला नाक आहे ना? मग तुला खडे कशाला बघावे लागतात? "त्याच्यावर बरंच आहे" म्हणजे काय आहे?

परतीच्या टपालाने लिही.

भुणभुण


२ मार्च

मामा,

सोळा दिवस झाले. तुझं उत्तर नाही. मी आमच्या पोस्टमनला जिन्यात गाठते, तो आता मला बघून दुसऱ्या जिन्याने येतो. आईला फोन केला तर म्हणाली, "दादा ठणठणीत आहे, परवाच येऊन गेला, दोन वाट्या आमटी प्यायला." म्हणजे तू हिंडतोयस, फिरतोयस, आणि मला लिहीत नाहीस.

हातावर हात धरून बसवेना, म्हणून मी पेन्शनर खण उघडला. बाईंना न विचारता. तुझ्याच घाण्याचे उरलेले खडे घेतले आणि त्यांना दमट हवेत अमोनिया पाजला, गरम केलं, पुन्हा पाजला. पहिल्या खेपेला चांगल्या पावडरीच्या निम्म्याहून थोडा जास्त प्याले. मी म्हटलं, बघा, निम्मे मेलेलेच आहेत. दुसऱ्या खेपेला तेवढेच. पाचव्या खेपेला तेवढेच. तोवर शेजारच्या नळीतली माझी सुयावाली, फुली नसलेली, लाडकी पावडर चिखल होऊन बसली होती. आज बारावी खेप झाली. खडे जसेच्या तसे.

मला वाटतं असं होत असावं: ओळीत बांधलेली परांची एका कोपऱ्यात मोडली की पुढची ओळ ओढली जाते, आणि मग सगळीच. या खड्यांत गाठी त्याच, दांडे तेच, खोल्याही आहेत, पण वेड्यावाकड्या, लहानमोठ्या. मोडायला ओळच नाही. यंत्र फक्त ओळ बघतं. ओळ दिसली नाही की ते म्हणतं काही नाही, आणि आम्ही त्याचं ऐकून तेवीस बाटल्या खणात टाकल्या.

एवढं हाती लागलं तर मी नाचायला हवं होतं. मी नाचत नाहीये. मला तुझ्या नाकाचं उत्तर हवंय. तू लिहिलं नाहीस तर मी येऊन उभी राहीन, आणि तुझ्या साहेबांनाही भेटेन.

भुणभुण


२१ मार्च, सकाळी ११.३०

भुणभुणे,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. दोन्ही वहीत ठेवली होती. गाळण्या मी खाली उतरवल्या नाहीत. उतरवल्या असत्या तर माझ्याकडे काहीच उरलं नसतं.

माझं नाक गेलं आहे. कधी गेलं ते सांगता येत नाही. एकदम गेलं असतं तर कळलं असतं. मागच्या पावसाळ्यात एक जण डोळे चोळत मशीनरूममधून बाहेर आला आणि मी आत उभा होतो, मला काही नाही; तीस वर्षांत डोळेही सरावलेत. त्या दिवसापासून मी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून काम करत होतो. कुणी नाक मुरडलं की मी आधी बोलायचो, "वास येतोय, बघतो." इतके दिवस खपलं. गंधकाची कांडी दर तासाला पेटवली असती तर लोकांनी विचारलं असतं. मग तुझं पत्र आलं.

सांगायला हवं होतं. पण घरी जाऊन काय करू, भुणभुणे? मामी असती तर गोष्ट वेगळी होती. त्या घरात मी किती वेळ बसणार. इथे माणसं आहेत, आवाज आहे, ऐकू येत नसला तरी अंगाला जाणवतो. मला वाटलं, खडे आहेत तोवर कुणाचं काही बिघडत नाही.

काल बिघडलं. सकाळी १०.१५ ला मी माल उतरवायच्या धक्क्यापाशी, दाराजवळ, वजनकाट्यावरच्या बाईंबरोबर चहा पीत उभा होतो. बोलता बोलता त्या खोकायला लागल्या. मी म्हटलं, ठसका लागला असेल, पाणी प्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मग त्या खालीच बसल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, की हा माणूस काही करत का नाही. मी कप हातात धरून उभा. डोक्यावर पाइपाच्या जोडातून येत होतं. आमची हवा इतकी वाहती, की आतल्या तिन्ही गाळण्या फिकट होत्या. धक्क्यापाशी मी गाळणी लावलीच नव्हती. दुसऱ्या माणसाने ओरडून व्हॉल्व्ह बंद केला. बाईंना दवाखान्यात नेलं. संध्याकाळी घरी सोडलं, आता बऱ्या आहेत. त्या बऱ्या आहेत हे मी तीनदा जाऊन विचारून आलो.

आज सकाळी साहेबांना सगळं सांगितलं.  मग म्हणाले, "तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?" मला ते वाचता आलं त्यांच्या ओठांवरून. 

वही सोबत पाठवतोय. २२ जानेवारीपासून कालपर्यंत, आठवड्याच्या सुट्ट्या सोडून पन्नास दिवस. तीन रकाने आहेत. 'खडा', 'कांडी', 'नाक'. नाकाचा रकाना मी स्वतःसाठी ठेवला होता, एखाद्या दिवशी परत येईल म्हणून. अकरा वेळा खडा गडद झाला, अकराही वेळा कांडीने धूर दिला, नाकाने एकदाही काही दिलं नाही. कालची नोंदही आहे. खडा: फिकट. नाक: नाही. वजनकाट्यावरच्या बाई: हो.

तुला पंधरा तारखेला उपयोगी पडेल तर वापर. पण सगळे रकाने दाखव. एकच दाखवलास तर ती नोंद खोटी होईल, आणि मी तीस वर्षांत खोटी नोंद केलेली नाही. तोंडाने केली, वहीत नाही.

मामा


५ एप्रिल

मामा,

तुझ्यावर इतकी रागावले आहे की तीन पत्रं फाडली. एकात तुला नको ते बोलले होते, दुसऱ्यात रडगाणं होतं, तिसऱ्यात मी शहाण्यासारखं लिहिलं होतं, ते सगळ्यात वाईट होतं. चाळीस बायका तुझ्या नाकाच्या भरवशावर, असं तूच लिहिलं होतंस. ते लिहिताना तुला माहीत होतं. आणि मीही तुला मेलेल्या घाण्यातले खडे 'खास' म्हणून पाठवत होते. आपण दोघं एका माळेचे मणी आहोत, आणि वजनकाट्यावरच्या बाई मधल्या मधे सापडल्या. त्यांना माझ्याकडून माफी सांग. नाही, नको. मीच वेगळं पत्र लिहिते.

आता एक कबुली. वही मिळाली तेव्हा मी फक्त 'खडा' आणि 'कांडी' हे रकाने उतरवून घेतले. नाकाचा घेतला नाही. स्वतःला सांगितलं, मामाची इभ्रत. खरं कारण असं की अकराला अकरा हे फार छान दिसत होतं आणि वीस मार्चची ओळ ते बिघडवत होती. तो कागद घेऊन माझ्या बाईंकडे गेले. खण न विचारता उघडला म्हणून आधी ओरडा खाल्ला. मग त्या शांतपणे वाचत गेल्या आणि म्हणाल्या, "माणसं होती ना तिथे? त्यांना वास आला की नाही, याची नोंद कुठे आहे?"

मी वही काढून समोर ठेवली. त्यांनी पन्नास पानं उलटली. नाही, नाही, नाही, नाही. शेवटच्या पानावर थांबल्या. म्हणाल्या, "या माणसाला त्या खोलीतून कधीच बाहेर काढायला हवं होतं." आणि मग, चष्मा काढून, "आणि इतकं सरळ लिहिणारा माणूस मला इथे एकही मिळत नाही."

सगळे रकाने दाखवणार आहे. वीस मार्चसकट.

तू कुठे आहेस आता? काय करतोस? आई म्हणते, तू तिच्याशीही बोलत नाहीस.

भुणभुण


१८ एप्रिल, दुपारी ४.००

भुणभुणे,

महिनाअखेरपर्यंत फाटकावर आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. मशीनरूममध्ये जायची मनाई आहे, ती योग्यच आहे. तिथे आता वास मोजणारी नवी यंत्रं बसवतायत, धक्क्यापाशीसुद्धा. तोवर गाळण्या काढू नका असं साहेबांनीच सांगितलं. वजनकाट्यावरच्या बाईंना तुझं पत्र मिळालं. त्या माझ्याशी बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. चहा त्या आता आतच घेतात. एक तारखेपासून मी घरी.

साहेबांनी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. त्यांनी बाटल्या हुंगायला दिल्या. एकीचाही वास आला नाही. म्हणाले, हे आजकालचं नाही, हळूहळू चार-पाच वर्षं चाललं असावं, आणि आता परत येईल असं धरून चालू नका.

बसने घरी येताना मी हिशेब केला. चार-पाच वर्षं. मामीला जाऊन तीन. मला वाटायचं, नाक फक्त अमोनियापुरतं गेलंय.

तुझ्या लक्षात आलं का? जानेवारीत मी स्वेटर नाकाला लावला आणि तुला लिहिलं की वास गेला. ती माझ्या हातून झालेली खोटी नोंद आहे. मी बिघडलेल्या यंत्राने मोजलं आणि म्हटलं, काही नाही. त्या दिवसापासून तो स्वेटर मी परत उघडला नाही. ट्रंकेत सगळ्यात खाली घातला होता. माझी चूक झाली.

पार्सलने पाठवतोय. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलाय. जानेवारीत दोन तास उन्हात होता, तेवढं माझं कर्म. खिसे मी मागेच रिकामे करून उलटे केले होते, त्यात काही नाही. तू हुंग आणि लिही. असेल तर आहे लिही, नसेल तर नाही लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तू खोटं लिहितेस तेव्हा 'एकदम खास' असं लिहितेस, ते मला आता ओळखता येतं.

समितीचं काय झालं तेही लिही. पण आधी हे.

मामा


२६ एप्रिल

मामा,

आधी हे.

काल, २५ एप्रिल, दुपारी ३.१५. पार्सल प्रयोगशाळेत उघडलं नाही, तिथे शंभर वास असतात. वरच्या मजल्यावर एक रिकामी बैठकीची खोली आहे, तिथे गेले. खिडक्या बंद केल्या, हात बिनवासाच्या साबणाने दोनदा धुतले. गाठ सुटेना, दातांनी सोडवली. स्वेटर नाकाला लावला.

पहिली नोंद. नाक: माझं. वास: आहे.

मग मी खुर्चीवर बसले आणि लगेच उठले. माझ्यावर माझा विश्वास बसेना. मला तो वास हवा होता, आणि हवी असलेली गोष्ट मला फार पटकन सापडते, हे या चार महिन्यांत कळलंय. म्हणून खाली जाऊन शेजारच्या टेबलावरचीला घेऊन आले. तुझ्या पत्रातला स्वेटरचा भाग मी तिला वाचून दाखवला नव्हता, हे तुला आठवत असेल. मामीला तिने कधी पाहिलेलं नाही, तिच्याबद्दल ऐकलेलं नाही. डोळे मीट म्हटलं, हातात लोकर दिली आणि एवढंच विचारलं, वास येतो का, आला तर कशाचा.

ती म्हणाली, "कपड्याच्या साबणाचा." मग, "पुठ्ठ्याचा, ओल्या." मग बाही सोडून कॉलरपाशी गेली.  ती म्हणाली, "इथे लवंग आहे. कुणाची दाढ दुखत होती का?"

दुसरी नोंद. नाक: परकं. वास: आहे.

मामा, लवंग तशीच आहे. फिकी झालीय, फक्त कॉलरच्या आतल्या बाजूला उरलीय, पण आहे. ती कधी गेलीच नव्हती. मी त्या खोलीत खूप रडले, आणि शेजारची बिचारी डोळे मिटूनच उभी होती, कारण उघड असं मी तिला सांगितलंच नव्हतं.

समितीने एक वर्ष दिलं. अट अशी की पेन्शनर खणातली एकूण एक बाटली वायूवर तपासायची. वीस मार्चच्या ओळीवर सगळ्यात जास्त प्रश्न आले. उत्तरं देता आली.

स्वेटर टपालाने परत पाठवत नाही. एक तारखेपासून तू घरी असशील, त्याच दिवशी मी तो घेऊन येतेय, चांगले आठ दिवस राहायला. तो तू हातात धरायचा. मी हुंगायचा आणि तुला सांगायचं, कुठे किती आहे. तुला ऐकू येणार नाहीच, तेव्हा लिहूनच देईन, एक ओळ सोडून. नवी वही आणून ठेव आणि त्यात माझ्या नाकाचा रकाना आखून ठेव.

भुणभुण